लँडस्केप टिंबरची खोली : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बागेत वाफ्यांच्या कडेला लावतात ते ट्रीटेड ओंडके, म्हणजे लँडस्केप टिंबर, एकावर एक रचून अवजारांची छोटी खोली बांधण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. उत्तरांतली सगळी मापं नेहमीच्या ओंडक्याची आहेत : लांबी ८ फूट (२४४ सेंमी), उंची साधारण ७.५ सेंमी, रुंदी साधारण ११ सेंमी, वर-खाली सपाट आणि दोन्ही बाजूंना गोलाई. गठ्ठ्यागणिक पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतात. तेव्हा आधी आपला माल मोजा, मग आकडे बदलून घ्या.

प्रश्न : हे ओंडके भिंतीसाठी चालतात का, की फक्त वाफ्याच्या कडेलाच ठीक?

भिंतीसाठी चालतात. मात्र हे लाकूड येतं कुठून ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे घोटाळे टळतील.

प्लायवूडसाठी खोड यंत्रात फिरवून त्याचा सलग पातळ पापुद्रा सोलत नेतात, शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवावी तसा. पापुद्रा काढून झाला की मधला दांडा उरतो. त्याच्या दोन बाजू सपाट करून, त्यात दाबाखाली औषध भरून तो लँडस्केप टिंबर म्हणून विकतात. म्हणजे हातात येतो तो झाडाचा गाभा. गाभ्याजवळचं लाकूड झाडाच्या कोवळ्या वयातलं असतं, त्यामुळे सुकताना ते पीळ खातं, बाक धरतं, तडकतं. आणि खोडाच्या मधलं पक्कं लाकूड औषध नीट पितच नाही. औषध मुरतं ते बाहेरच्या भागात, तेही सगळीकडे सारखं नाही.

शिवाय या मालाची ताकदीनुसार प्रतवारी झालेली नसते. भिंतीत प्रत्येक ओंडका सबंध लांबीभर खालच्या ओंडक्यावर टेकलेला असतो, म्हणून तिथे काही अडत नाही. जिथे तो अधांतरी राहून भार उचलणार, तिथे तो वापरू नका. खोलीच्या तळाखालची तुळई, खांब, वासे, दारावरचा लिंटेल ही सगळी कामं प्रतवारी केलेल्या बांधकामाच्या लाकडाची आहेत.

प्रश्न : याच पद्धतीने झोपण्याची केबिन बांधली तर? जाड लाकडाने खोली उबदार राहते असं ऐकलंय.

जाड दिसतं, पण उष्णता अडवण्यात लाकूड फारसं हुशार नाही. ११ सेंमी पाइनपेक्षा ९ सेंमी खनिज लोकर भरलेली उभ्या-आडव्या लाकडांची साधी चौकटीची भिंत कागदावर सुमारे अडीच पट चांगली ठरते. त्यात गोलाईमुळे सांध्यांपाशी इथे लाकूड आठच सेंमी उरतं. माणसांनी रात्री राहायचं असेल तर सरळ चौकटीची भिंत बांधा आणि बाहेरून फळ्या लावा. लाकूड कमी लागेल, काम लवकर होईल, वीज-नळ भिंतीत लपवता येतील. ओंडक्यांची भिंत अवजारं, सायकली, सरपण किंवा दिवसा बसून काम करण्याच्या खोलीसाठी ठीक.

प्रश्न : ओंडक्याच्या टोकाला छोटी पट्टी ठोकलेली असते. त्यावर काय बघायचं?

तो ओंडका कुठे वापरण्यासाठी ट्रीट केलाय ते. अमेरिकन मालावर ‘यूसी ३बी’ असेल तर जमिनीपासून वर, उघड्यावर, आणि ‘यूसी ४ए’ असेल तर जमिनीला टेकवला तरी चालेल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मालावर हेच अनुक्रमे ‘एच३’ आणि ‘एच४’ असं येतं. युरोपात वापराचे वर्ग १ ते ५ आहेत, त्यांत मातीला लागणारा ४. फरक औषधाच्या मात्रेचा असतो. उदाहरणार्थ एसीक्यू हे तांब्याचं औषध जमिनीपासून वरच्या वापरासाठी घनमीटरला ४ किलो, तर मातीतल्या वापरासाठी ६.४ किलो लागतं.

लँडस्केप टिंबर बऱ्याचदा वरच्या, म्हणजे कमी मात्रेच्या वर्गातलं असतं. वाफ्याच्या कडेला चार-पाच वर्षांत कुजलेले ओंडके दिसतात ते बहुधा याच कारणाने. पट्टीच नसेल तर कमी मात्रा धरून चाला आणि मातीला एकही ओंडका लावू नका.

प्रश्न : माल आणल्या आणल्या रचायला घेतला तर काय बिघडेल?

औषध पाण्यात मिसळून भरलेलं असतं. त्यामुळे नवा ओंडका आतपर्यंत ओलाचिंब असतो, आणि सुकताना तो भिंतीतच पीळ खाणार. पीळ खाल्लेला ओंडका वरच्या थराला उचलतो. पाच-सहा थरांनंतर भिंतीत बोटभर फटी दिसायला लागतात आणि कितीही स्क्रू मारले तरी बसत नाहीत.

म्हणून आधी सुकवा. जमिनीपासून वीतभर उंच, सपाट आधारांवर एक थर मांडा. त्यावर दर ६० सेंमीवर २ सेंमी जाडीच्या पट्ट्या आडव्या ठेवा, मग पुढचा थर. सगळ्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. पट्टी जिथे सरकते तिथे खालचा ओंडका बाक धरतो. वरून पत्रा झाका, बाजू मोकळ्या ठेवा. माथ्यावर वजन ठेवा किंवा पट्ट्याने गठ्ठा आवळा आणि दर आठवड्याला पट्टा पुन्हा ओढा, कारण लाकूड आक्रसतं तसा तो सैल पडतो.

सुकलं कधी म्हणायचं? ओलावा मोजायचं यंत्र असेल तर १९ टक्क्यांच्या खाली. पण तांब्याच्या क्षारांमुळे ट्रीटेड लाकडात हे यंत्र थोडं जास्त आकडा दाखवू शकतं. त्याहून खात्रीचा उपाय वजनकाटा. गठ्ठ्याच्या मधले तीन ओंडके खूण करून दर आठवड्याला तोला. लागोपाठ दोनदा वजन तेवढंच भरलं की रचायला घ्या. हवेप्रमाणे दीड ते तीन महिने लागतात. घाई करणाऱ्यांना हे ऐकवत नाही, पण या कामातला सर्वांत फायद्याचा वेळ हाच.

निवड करताना ओंडका डोळ्यासमोर धरून लांबीत बघा. थोडी कमान असेल तर चालते, स्क्रूने ती ओढून घेता येते. पीळ मात्र निघत नाही. दोन्ही टोकांची सपाट बाजू एका पातळीत नसेल तर तो दारालगतच्या तुकड्यांसाठी बाजूला काढा. लहान तुकड्यात पीळही थोडाच उरतो.

प्रश्न : साधारण ८ बाय ८ फुटांच्या खोलीला किती ओंडके लागतील? कोपरे कसे जुळवायचे? खाचा पाडाव्या लागतात का?

खाचांची गरज नाही. खाच पाडली की औषध मुरलेला बाहेरचा थर कापला जातो आणि कोपऱ्यात नेमकं न मुरलेलं लाकूड पावसाला उघडं पडतं.

सोपी रचना चक्राची. प्रत्येक थरात चार ओंडके. प्रत्येकाचं एक टोक कोपऱ्यात बाहेरपर्यंत जातं आणि दुसरं टोक शेजारच्या ओंडक्याच्या अंगाला टेकतं. पुढच्या थरात चक्र उलटं फिरवायचं. त्यामुळे आधीच्या थरात जे टोक कोपऱ्यात बाहेरपर्यंत गेलेलं होतं, त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भिंतीचा ओंडका जातो. तिथे वरून खाली एक स्क्रू गेला की कोपरा बांधला गेला.

विकत मिळणाऱ्या ओंडक्यांची लांबी एकसारखी नसते आणि टोकं तडकलेली असतात. म्हणून भिंतीचे सगळे ओंडके दोन्ही टोकांना थोडे छाटून बरोबर २४० सेंमीचे करा. मग खोलीचं बाहेरचं माप २४० अधिक ११, म्हणजे २५१ सेंमी; आतलं २४० उणे ११, म्हणजे २२९. पहिला थर मांडल्यावर बाहेरचे दोन्ही कर्ण ३५५ सेंमी भरले पाहिजेत. तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिथेच थांबून सारखं करा, पुढे तो वाढतच जातो.

आता हिशोब. २८ थरांची भिंत २१० सेंमी उंच होते. दार नसतं तर २८ गुणिले ४, म्हणजे ११२ ओंडके. दार एका भिंतीच्या मध्यावर, २६ थरांपर्यंत धरू. चौकटीसह मोकळी जागा ८८ सेंमी ठेवा. हा आकडा मुद्दाम निवडलाय. चक्राच्या रचनेमुळे दाराच्या एका बाजूला ८१.५ सेंमीचा तुकडा येतो, दुसऱ्या बाजूला ७०.५ सेंमीचा, आणि पुढच्या थरात बाजू बदलतात. ८१.५ चे दोन आणि ७०.५ चा एक, अशी बेरीज २३३.५ होते. करवतीच्या पात्याची जाडी आणि टोकांची छाटणी धरूनही ती एका ओंडक्यात बसते. दुसऱ्या ओंडक्यातून एक लांब, दोन आखूड. म्हणजे प्रत्येक ओंडक्याचे तीन तुकडे पडतात, आणि २६ थरांना लागणारे ५२ तुकडे १८ ओंडक्यांत निघतात. दाराची जागा ८० सेंमी ठेवली असती तर तुकडे ८५.५ आणि ७४.५ चे झाले असते. मग दोन लांब आणि एक आखूड एका ओंडक्यात मावले नसते आणि फुकटचा भुगा-तुकडा वाढला असता.

तर भिंतीला अखंड ८६, तुकड्यांसाठी १८, एकूण १०४. पीळ खाल्लेले आणि फुटलेले टाकून द्यावे लागतात त्यांचे १० टक्के धरा. ११५ मागवा. खिडकी ठेवली तरी यातून वजा करू नका. त्यातून उरलेले तुकडे पायरीला, फडताळाला लागतातच.

कोपऱ्यातली एक गोष्ट नकाशात दिसत नाही. टेकणारं टोक चौकोनी असतं आणि ते ज्या अंगाला टेकतं ते गोल. त्यामुळे ओंडक्याच्या मध्यरेषेवर दोन्ही भिडतात, पण वर आणि खाली चंद्रकोरीच्या आकाराची, कडेशी दीड सेंमीची फट राहते. ती बुजवायला फोमचा गोल दोर पुढचा थर चढवण्याआधीच दाबून बसवा. नंतर बाहेरून सीलंट भरा. सगळी भिंत उभी झाल्यावर नुसतं सीलंट कोंबायला गेलात तर ते आतल्या पोकळीत सांडतं आणि फट तशीच राहते.

प्रश्न : खाली काँक्रीटचा चौथरा हवाच का?

हवाच असं नाही. या मापाच्या खोलीला खडीची गादी पुरते. वरची काळी माती पूर्ण काढा, जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर १५ सेंमी खडी दोन थरांत धुम्मसून भरा. गादी भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी ३० सेंमी जाऊ द्या. छपरावरचं पाणी मातीवर पडलं की चिखल उडून खालचे थर कायम ओले राहतात. खडीवर पडलं तर उडत नाही.

गादीवर तीन ओळींत नऊ काँक्रीट ब्लॉक, त्यांवर मातीच्या वर्गाच्या लाकडाच्या तीन तुळया, त्यांवर ५ बाय १५ सेंमीचे जॉइस्ट, म्हणजे खोलीचा तळ पेलणारी आडवी लाकडं, ४० सेंमी अंतरावर. भिंतींचंच वजन टनाच्या वर जातं आणि ते सगळं कडांवर येतं, म्हणून कडेचे जॉइस्ट दुहेरी ठेवा. पहिला थर जमिनीपासून किमान २० सेंमी उंच असावा.

खोलीच्या तळाची ही चौकट २५१ सेंमीची करण्याचा मोह होतो. तो टाळा. ओंडका मध्यावर ११ सेंमी रुंद असला तरी त्याची सपाट बाजू जेमतेम ८ सेंमी असते. चौकट २५१ ची केली तर ती गोलाईखालून दीड सेंमी पुढे डोकावते. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या कडेवर थांबतं आणि सपाट सांध्यातून आत शिरतं. चौकट २४७ सेंमीची करा आणि तळाचं प्लायही त्याच कडेला संपवा. मग पाणी गोलाईवरून थेट खाली ठिबकतं.

प्रश्न : साधे खिळे चालतील का? स्क्रू किती, कोणते, कुठे?

साधे खिळे नकोत. औषधातलं तांबं ओलाव्यात साधं लोखंड खातं. चकचकीत पातळ जस्ताचा मुलामा असलेले स्क्रूही फार टिकत नाहीत. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, ट्रीटेड लाकडासाठी म्हणून खास लेप दिलेले, किंवा स्टेनलेस घ्या. याच कारणाने ॲल्युमिनियमची पट्टी या लाकडाला थेट लावू नका, मध्ये प्लास्टिकचा किंवा डांबरी थर हवा.

लांबी १४० मिमी. डोकं ८ मिमी आत बुडवलं की टोक खालच्या ओंडक्याच्या तळाच्या किंचित अलीकडे थांबतं. १५० चा घेतला तर तो तिसऱ्या ओंडक्यात घुसतो आणि खाली आधीच असलेल्या स्क्रूवर आपटला तर मोडतो. लांबीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आटे फक्त खालच्या अर्ध्या भागात हवेत, डोक्याखालचे ७५ मिमी गुळगुळीत. सबंध लांबीवर आटे असले तर वरचा आणि खालचा दोन्ही ओंडके स्क्रूला जखडतात. मग लाकूड आक्रसलं की ओंडके खाली बसू शकत नाहीत, स्क्रूवर टांगलेले राहतात आणि प्रत्येक थरात फट उघडते.

अखंड ओंडक्याला पाच स्क्रू : दोन टोकांपासून ५.५ सेंमीवर (बाहेरपर्यंत गेलेल्या टोकाशी हे कोपऱ्याच्या चौकोनाच्या मधोमध येतं), आणि तीन मध्ये. प्रत्येक तुकड्याला तीन, त्यांतला एक दाराच्या कडेपासून ८ सेंमीवर. टोकाजवळच्या प्रत्येक स्क्रूला आधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर गाभ्यातून उभी चीर जाते. पुढच्या थराचे मधले स्क्रू आधीच्यांपासून पाच-सहा सेंमी सरकवा. एकूण ५८६ होतात, ६०० आणा. दर चार थरांनी चारही कोपरे पाणसळीने आणि ओळंब्याने तपासा. उंच झालेल्या बाजूचा थर रंध्याने मारण्यापेक्षा पुढच्या थरात कमी भरणाऱ्या बाजूला जाडसर ओंडका निवडून टाकणं सोपं.

प्रश्न : बांधून चार महिने झाले. दार अडकतं, चौकटीच्या वरचा ओंडका चौकटीवर चढून बसलाय. शेजारच्या भिंतींत मात्र फटी आहेत. जमीन खचली का?

जमीन खचली असती तर उंबरा तिरका झाला असता आणि दार एका कोपऱ्यात घासलं असतं. हे लक्षण भिंत बसल्याचं आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवं आक्रसतं. ओल्या पाइनपासून घरगुती कोरडेपणापर्यंत ३ टक्के धरले तरी दाराच्या २६ थरांच्या १९५ सेंमी उंचीत जवळपास ६ सेंमी होतात. दाराची चौकट उभ्या लाकडाची, ती तेवढीच राहते. भिंत खाली येते, चौकट येत नाही. शेवटी दारावरचे दोन थर चौकटीवर टेकतात, भिंतीचा भार तिथे लटकतो आणि खालचे थर मोकळे पडून फटी उघडतात. चौकटीच्या दोन्ही उभ्या फळ्या ओंडक्यांच्या टोकांना स्क्रूने पक्क्या केल्या असतील तर तेच आणखी लवकर होतं.

आता दुरुस्ती. चौकट काढा. पूर्ण ओल्या मालाची भिंत असेल तर चौकटीच्या वर ६ ते ७ सेंमी, नीट सुकवून बांधली असेल तर ३ सेंमी मोकळी जागा राहील अशी ती आखूड करा. उभ्या फळ्यांत स्क्रूसाठी गोल भोक न ठेवता उभी खाच पाडा, १ सेंमी रुंद आणि ६ सेंमी लांब. मोठा वायसर घालून स्क्रू खाचेच्या वरच्या टोकाशी मारा आणि अगदी आवळू नका. ओंडके खाली येतील तसे स्क्रू खाचेतून खाली सरकतील. स्क्रू खाचेच्या खालच्या टोकाशी मारणं ही हमखास होणारी चूक. मग खाच असून नसल्यासारखी. वरच्या मोकळ्या जागेत दाबलं जाणारं फोम किंवा लोकर भरा आणि पुढून एक फळी लावा, ती फक्त वरच्या ओंडक्याला ठोकायची, चौकटीला नाही.

खिडकीलाही हेच. आतून कपाट लावतानाही उभी पट्टी चार-पाच थरांवर पक्की ठोकू नका. एका थराला पक्की, बाकी थरांना खाचेतून.

नव्याने बांधणार असाल तर कोपऱ्यांत १२ मिमीचे थ्रेडेड रॉड, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्या, तळाच्या चौकटीपासून माथ्याच्या पट्टीपर्यंत घ्या. वाऱ्यात छप्पर उचललं जात नाही आणि पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नट आवळून भिंत दाबून घेता येते. नटापर्यंत पान्हा पोचेल अशी जागा मात्र छपराखाली ठेवा.

प्रश्न : दोन थरांच्या मधून पाणी आत येतं. बाहेरून सीलंट मारलं तरी थांबत नाही.

गोलाईमुळे प्रत्येक सांधा बाहेरून आत दबलेला असतो. वरच्या ओंडक्याची गोलाई पाणी टाकते, खालच्याची गोलाई ते सांध्याकडे नेते. म्हणून बाहेरच्या कोपच्यात फासलेलं सीलंट सतत पाण्यात राहतं आणि भिंत जरा बसली की एका बाजूने सुटतं.

खरा अडसर सपाट बाजूवर, रचतानाच घालायचा असतो : पातळ, बंद पेशींच्या फोमच्या किंवा ब्युटाइल रबराच्या दोन पट्ट्या, बाहेरची सपाट कडेपासून दीड सेंमी आत, दुसरी आतल्या कडेशी. स्क्रू त्या दोघींच्या मध्ये. पट्टी अगदी मध्यावर एकच घातली तर स्क्रूच तिला भोक पाडतो. टोकांच्या कोपऱ्यातही पट्टी पूर्ण फिरवून घ्या; बऱ्याच गळत्या भिंतीतून नसून कोपऱ्यातून असतात.

बांधून झालेल्या भिंतीत हे करता येत नाही. तिथे जुनं सीलंट खरवडून काढा, कोरड्या दिवसांत कोपच्यात फोमचा दोर दाबा आणि त्यावर लाकडाच्या भिंतींसाठीचं लवचीक ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरा. दोरामुळे ते फक्त वरच्या आणि खालच्या ओंडक्याला चिकटतं, मागे नाही, म्हणून ताण आल्यावर फाटत नाही. सिलिकॉन टाळा. त्यावर रंग बसत नाही आणि सुटल्यावर त्याचा तेलकट थर मागे राहून दुसरं काही चिकटू देत नाही.

आणि छपराची पागोळी भिंतीपासून निदान ४० सेंमी बाहेर आहे ना, ते आधी बघा. नसेल तर सीलंटवर मेहनत करण्याआधी छप्पर पुढे काढा.

प्रश्न : उरलेल्या ओंडक्यांचे वासे केले तर?

नको. कारण पहिल्याच उत्तरात आलंय. एकपाखी छपराला अडीच मीटरच्या पल्ल्यासाठी ५ बाय १५ सेंमीचे प्रतवारीचे वासे ६० सेंमी अंतरावर घ्या. बर्फ पडत असेल तर स्थानिक नियमांतली मापं बघा. दुपाखी छप्पर असेल तर तिकोनी भिंती ओंडक्यांच्या न करता चौकट आणि फळ्यांच्या करा. तिरकी कापलेली टोकं पावसात सगळ्यात आधी कुजतात. दार पागोळीच्या भिंतीत असेल तर त्यावर वाशांचा भार येतो. तिथे माथ्याच्या दोन थरांवर विसंबू नका, ५ बाय १५ च्या दोन फळ्या जोडून लिंटेल घाला.

प्रश्न : कापलेल्या टोकांना काही लावायचं का?

लावायचंच. कापल्यावर मधलं पिवळसर, औषध न पोचलेलं लाकूड दिसतं. वाळवी आणि बुरशीला तेच हवं असतं. कॉपर नॅफ्थेनेट या ब्रशने लावायच्या तांब्याच्या औषधाचे दोन हात, दुसरा हात पहिला मुरल्यावर. स्क्रूसाठी पाडलेल्या मोठ्या भोकांतही ते सोडा. कोपऱ्यात बाहेर दिसणारी सगळी टोकं, दोन्ही बाजूंची, यात येतात; थर चढवत जाल तसं लगेच लावा, नंतर ब्रश पोचत नाही.

प्रश्न : जुन्या बागेतले वीस-पंचवीस वर्षांचे ओंडके फुकट मिळताहेत. घ्यावेत का?

अमेरिकेत २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती लाकडात सीसीए हे औषध सर्रास असायचं, त्यात आर्सेनिक आहे. त्यानंतर घरगुती वापरासाठीचं उत्पादन थांबलं. जुन्या ओंडक्यांत ते असण्याची शक्यता धरूनच वागा. ज्या खोलीत माणसं वावरतात तिथे नको, भाजीच्या वाफ्याला नको. रेल्वेचे क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेले स्लीपर तर बंद खोलीत मुळीच नकोत, उन्हात त्यांचा वास आणि तेल सुटत राहतं.

नव्या मालातही करवत चालवताना मास्क आणि हातमोजे हवेत, भुसा ताडपत्रीवर गोळा करा. कुठलंही ट्रीटेड लाकूड, तुकडेसुद्धा, जाळू नका. सीसीएच्या राखेत आर्सेनिक उरतं.

प्रश्न : रंग कधी द्यायचा?

भिंतीवर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब तसेच उभे राहिले तर लाकूड अजून ओलं आहे किंवा त्यावर कारखान्यातला पाणीरोधक थर आहे, थांबा. दहा मिनिटांत मुरले तर रंगाला तयार. पातळ, आत मुरणारा स्टेन द्या. जाड तैलरंगाचा पापुद्रा गाभ्याच्या तड्यांवर वर्षभरात फाटतो आणि फाटीतून शिरलेलं पाणी मागे अडकतं. वरच्या अंगाला पडलेले तडे, ज्यांत पाणी साचू शकतं, तेवढेच स्टेनआधी सीलंटने भरा. खालच्या अंगाचे उघडे सोडा, त्यांतून पाणी निथळतं.